कालोसची राणी आणि नंदीबैल

सेरेना हरते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे स्पॉयलर दिला म्हणून नंतर शिव्या नकोत. तसंही हे एपिसोड 2016 सालचे आहेत, आणि मला जे बोलायचंय त्याचा कोण जिंकलं याच्याशी फारसा संबंध नाही.

ज्यांनी पोकेमॉन फक्त शाळेतून आल्यावर, दप्तर सोफ्यावर फेकून, हिंदी डबिंगमध्ये बघितलं असेल त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. पोकेमॉन म्हटलं की आपल्याला लढाया आठवतात. पिकाचू, थंडरबोल्ट, समोरचा आडवा. पण त्याच जगात कालोस नावाचा एक प्रदेश आहे, फ्रान्सवर बेतलेला, आणि तिथे 'शोकेस' नावाचा प्रकार चालतो. मुली आपापले पोकेमॉन घेऊन स्टेजवर येतात आणि कार्यक्रम सादर करतात. नाच, उड्या, आगीची वर्तुळं, चमचमणारे तारे. कुणी कुणाला मारत नाही. या मुलींना परफॉर्मर म्हणतात. (फक्त मुलीच. मुलांना प्रवेश नाही. त्यावर वेगळा लेख होईल, पण तो मी लिहिणार नाही.) एक शोकेस जिंकली की एक किल्ली मिळते. तीन किल्ल्या जमल्या की ग्लॉयर शहरात होणाऱ्या मास्टर क्लासमध्ये उतरता येतं. तिथे जी जिंकेल ती कालोसची राणी. निकाल प्रेक्षक लावतात. प्रत्येकाच्या हातात एक दिवा असतो, आणि मत दिलं की त्यातला प्रकाश उडून आपल्या आवडत्या परफॉर्मरकडे जातो.

अॅशबरोबर फिरणारी सेरेना या मास्टर क्लासच्या फायनलला पोचते. समोर आरिया, आधीचीच राणी. सेरेनाकडे ब्रेक्सन आहे, आरियाकडे तिचंच पुढचं रूप, डेल्फॉक्स. दोघींचा कार्यक्रम होतो, प्रकाश उडतो, आणि राणी बदलत नाही.

हे मी पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलवर बघितलं, इंग्लिश सबटायटल लावून, रूममेटकडून टोमणे खात. तेव्हा मला वाईट वाटलं ते सेरेनाचं. यंदा दुसऱ्यांदा बघितलं ते चिऊबरोबर. चिऊ म्हणजे माझ्या ताईची मुलगी, वय वर्षं आठ. या वेळी माझं लक्ष सेरेनावरून उडालं आणि तिच्या बाजूला नाचणाऱ्या तिघांवर गेलं. ब्रेक्सन, पँचॅम, सिल्व्हिऑन. हे तिघं का नाचतायत? 'त्यांना आवडतं म्हणून' हे उत्तर मला पुरेना, आणि त्याचं कारण पोकेमॉन नव्हतं. कारण आमच्या घरातलं होतं.

दोन वर्षांपूर्वी चिऊ ताईच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीन आणि कठडा यांच्यामध्ये जी हातभर जागा आहे तिथे, वाळत टाकलेली ओढणी अंगाभोवती गुंडाळून एकटीच नाचायची. गाणं तिचं तिनेच रचलेलं, शब्द निम्मे मराठी, निम्मे कसलेच नाहीत. कुणी बघतंय असं कळलं की थांबायची आणि कपडे काढायला आल्यासारखं करायची. मी दाराआडून तिचा व्हिडिओ काढला. फॅमिली ग्रुपवर टाकला, मग ताईला विचारून रील केली. तिला दोन लाख व्ह्यूज आले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण प्रत्येकाच्या ओळखीत असं एक मूल आता आहे. अकाउंट मी काढलं. पासवर्ड माझ्याकडे. रिंग लाइट मी आणला. किती वाजता पोस्ट केलं की जास्त लोक बघतात याचं एक्सेल मी केलं. ऑफिसात दिवसभर जे करतो तेच घरी केलं. चिऊला क्लास लावला. ताई म्हणायची, "अरे, तिलाच हौस आहे. आम्ही कुठे जबरदस्ती करतोय? विचार तिला." मी विचारायचो. चिऊ मान डोलवायची.

मागच्या वर्षी एका डान्स शोच्या ऑडिशनला आम्ही तिला पुण्यात घेऊन गेलो. सहा तास रांग. आत दीड मिनिट. पहिल्याच फेरीत नाही म्हणाले. गाडीत ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती, मग म्हणाली, "मामा, तू रागावलास का?"

मी नाही म्हणालो. तिने पुन्हा विचारलं. घरी येईपर्यंत चार वेळा विचारलं.

सेरेनाची पहिली शोकेस कुमरीन शहरात होते. तेव्हा ब्रेक्सन अजून लहान असते, म्हणजे फेनेकिन. थीम असते पोकेमॉनला सजवण्याची. सेरेना फेनेकिनला लांब रिबिनी बांधते, आणि ऐन स्टेजवर फेनेकिनचा पाय आपल्याच रिबिनीवर पडतो. ती आपटते. तिथेच स्पर्धा संपली. नंतर समुद्राकाठी सेरेना रडते, केस कापते, नवे कपडे घालते. हा सीन फॅन लोकांमध्ये फार प्रसिद्ध आहे, सेरेना 'मोठी झाली' तो हा क्षण, वगैरे. मीही तसाच बघितला होता. या वेळी मला दिसलं की रिबीन बांधणारी सेरेना होती आणि पडणारी फेनेकिन. सेरेना चूक स्वतःकडे घेते, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. पण फेनेकिन तिच्याकडे बघते तेव्हा मला गाडीतली चिऊ आठवली. आपल्या पडण्याने आपलं माणूस दुखावलं का, हेच ती शोधत होती असं मला वाटलं. (वाटलं म्हणतो, कारण पोकेमॉन फक्त स्वतःचं नाव बोलतात. अर्थ आपण लावायचा. ही सोय फार मोठी आहे.)

या जगाच्या मुळाशी असलेला प्रश्न मालिका बनवणाऱ्यांना माहीतच नव्हता असं नाही. 2010 सालच्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट' गेममध्ये एन नावाचा मुलगा आहे. त्याला पोकेमॉनची भाषा कळते. तो विचारतो, यांना बॉलमध्ये ठेवून लढायला लावणं बरोबर आहे का? गेमने केलेला हा सगळ्यात धाडसी प्रश्न. आणि मग गेम हळूच पळवाट काढतो. एनला पुढे करणारा म्हातारा लबाड निघतो, त्याला सगळ्यांचे पोकेमॉन काढून घेऊन स्वतः राज्य करायचं असतं. विचारणारा खोटा ठरला की प्रश्नही खोटा ठरल्यासारखा वाटतो. ही युक्ती आपण घरीदारी रोज वापरतो.

शिवाय उत्तर तयारच असतं: त्यांचं आपल्यावर प्रेम आहे. गेममध्ये हे प्रेम अक्षरशः मोजलेलं आहे. 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'पासून प्रत्येक पोकेमॉनची मैत्री 0 ते 255 या आकड्यात साठवली जाते. म्हणजे एक बाइट. तुमच्याबरोबर चालला की आकडा वाढतो, केस कापून दिले की वाढतो, लढाईत बेशुद्ध पडला की कमी होतो. 'रिटर्न' नावाचा एक हल्ला आहे, त्याची ताकद या आकड्यावरून निघते, जास्तीत जास्त 102. जितकं प्रेम जास्त तितका मार जोरात. शाळेत असताना मला ही कल्पना फार गोड वाटली होती. आता मी पोटापाण्यासाठी अशाच गोष्टी लिहितो, माणसं एखाद्या अॅपला किती चिकटली आहेत ते मोजणाऱ्या, आणि मला त्यात दुसरंच काही दिसतं. प्रेम हे कामाचं इंधन झालं की 'तो आनंदाने करतो' आणि 'त्याच्याकडून करून घेता येतं' यातला फरक त्या आकड्यावरून कळत नाही. आकडा एकच येतो.

माझे आजोबा खेड तालुक्यातले. त्यांच्याकडे सोन्या नावाचा बैल होता, बैलगाडा शर्यतीत पळणारा. मी त्याला पाहिलेलं नाही, फक्त भिंतीवरचा फोटो पाहिलाय, शिंगांना गोंडे, अंगावर भंडारा. आजोबा सांगायचे, सोन्याला पळायची हौस होती, घाट दिसला की तो ऐकायचाच नाही. मी एकदा विचारलं होतं, "आणि बैल बसला तर?" आजोबा म्हणाले, "शेपूट पिरगाळायची. उठतो." अगदी सहज म्हणाले, नळ बंद करायचा तसं. आणि हेच आजोबा सोन्या मेला तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते. आजी सांगायची. मला या दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात, आणि एकीने दुसरी खोडली जात नाही.

आपल्याकडे यावर कोर्टात मोठी लढाई झाली. 2011 मध्ये केंद्र सरकारने, खेळ करून दाखवण्यासाठी शिकवायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या जोडीला बैल घातला. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती थांबवल्या. 2017 मध्ये राज्याने कायदा बदलला, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली, आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्यांचे बदललेले कायदे मान्य केले. वेदना, परंपरा, बैलाच्या शरीराची ठेवण, शेतकऱ्याचं अर्थकारण, सगळं बोललं गेलं. बैलाला काय हवंय हे विचारायची सोय कोर्टाकडेही नव्हती. ते अंगावरच्या खुणांवरून ठरवायचं.

विचारलेल्या प्राण्याचं एक उदाहरण मात्र आपल्याकडे आहे. नंदीबैल. दारात यायचा, ढोलकं गुबुगुबु वाजायचं, आणि नंदीवाला विचारायचा, "पाऊस पडंल का?" नंदी मान डोलवायचा. "पोराला नोकरी लागंल का?" पुन्हा मान. भाषेने यातून काय घेतलं बघा. कुणी सगळ्याला हो म्हणत असेल तर आपण त्याला नंदीबैल म्हणतो. म्हणजे ज्या दारांतून त्या होकारावर धान्य दिलं गेलं, त्याच दारांना पुरतं ठाऊक होतं की हा होकार नंदीचा नाही.

हे डोक्यात घेऊन मी मास्टर क्लासकडे वळलो, आणि एक फालतू वाटेल असा शोध सुरू केला. या मालिकेत पोकेमॉनने ऐन वेळी 'नाही' म्हटल्याचं कुठे दाखवलंय का? पहिलंच उदाहरण दणदणीत आहे. अॅशच्या पहिल्या मोठ्या स्पर्धेत, इंडिगो लीगमध्ये, रिचीविरुद्ध तो चारिझार्डला बाहेर काढतो आणि चारिझार्ड लढायलाच नकार देतो. सरळ आडवा होतो. अॅश हरतो. लहानपणी आम्ही सगळे चारिझार्डवर चिडलो होतो. आता मला वाटतं, पुढे हाच चारिझार्ड अॅशसाठी जिवाची बाजी लावतो तेव्हा आपला त्यावर विश्वास बसतो, तो त्या आडवं होण्यामुळे. त्याने एकदा भर मैदानात नाही म्हटलेलं आपण बघितलंय, आणि त्या वेळी कुणी त्याचं शेपूट पिरगाळलं नव्हतं. पिकाचूचंही तेच. तो बॉलमध्ये जायला पहिल्या दिवशी नाही म्हणतो, आणि मग कधीच जात नाही.

शोकेसमध्ये असं कुणी आडवं होताना मला सापडलं नाही. तिथे चुका होतात, पाय अडखळतात, पण कुणी बसून राहत नाही. हे लिहिल्यावर माझी मलाच शंका आली, कारण ईव्ही आहे.

सेरेनाची सिल्व्हिऑन ही आधी ईव्ही असते. त्यांना ती सापडते तीच नाचताना. फुलांच्या माळरानात, एकटी, कुणी बघत नाही असं समजून. भित्री इतकी की माणूस दिसला की पळ. सेरेनाला ती आवडते, तिच्या मागे मागे जाते, आणि शेवटी ईव्ही तिच्याबरोबर येते. मालिकेचं श्रेय असं की सेरेना तिला लगेच स्टेजवर ढकलत नाही. ईव्ही इतर पोकेमॉनच्या आड लपते, सेरेना लपू देते. असे बरेच एपिसोड जातात. मग ती सिल्व्हिऑन होते, आणि मास्टर क्लासला त्या हजारो दिव्यांसमोर नाचते, आणि सुंदर नाचते. गेममध्येही ईव्हीची सिल्व्हिऑन करायची तर तिने तुमच्यावर जीव लावावा लागतो, तिला कुरवाळून, पोके-पफ भरवून. प्रेम ही अटच आहे.

मी हा भाग चिऊबरोबर बघत होतो. माळरानातली ईव्ही आली तेव्हा मी तिच्याकडे बघायचं टाळलं. मला सारखं वाटत होतं की सेरेनाने तिला शोधून काढलं हे चांगलं केलं की वाईट? ती माळावर राहिली असती तर तिचा नाच कुणी बघितला नसता, ती आयुष्यभर माणसाला बघून पळत राहिली असती. ते काही फार थोर स्वातंत्र्य नाही. घाबरण्यातून बाहेर काढणारं कुणी भेटणं ही मोठी गोष्ट आहे. मला स्वतःला शाळेत एका बाईंनी स्टेजवर उभं केलं नसतं तर मी आजही मीटिंगमध्ये तोंड उघडलं नसतं. पण माळावरचा तो नाच परत कुठे दिसतो? मी शोधत होतो. एकदाही कुणासाठी नसलेला नाच. मला तरी तो पुन्हा आढळला नाही. कदाचित कॅमेरा तिथे नव्हता एवढंच. बाल्कनीत मात्र कॅमेरा होता, आणि चिऊ आता बाल्कनीत नाचत नाही. हे मला ऑडिशननंतर कधीतरी लक्षात आलं. फोन समोर नसेल तर ती नाचतच नाही.

सेरेनाबद्दल एक गोष्ट मी हॉस्टेलवर पूर्ण विसरलो होतो. तिची आई, ग्रेस, ही राय्हॉर्न शर्यतीतली नावाजलेली खेळाडू. राय्हॉर्न म्हणजे गेंड्यासारखा दगडी पोकेमॉन, त्याच्या पाठीवर बसून पळवायचं. आईला वाटतं मुलीने हेच करावं. लहानपणापासून सेरेनाला सरावाला उभं केलंय, आणि तिला ते आवडत नाही. आई वाईट नाही, प्रेमळ आहे, फक्त तिला खात्री आहे की पोरीला सवय झाली की गोडी लागेल. म्हणजे कालोसच्या राणीपदासाठी झुंजणारी ही मुलगी स्वतः दुसऱ्याच्या हौसेसाठी तयार केली जात होती. आणि तिला नाही म्हणता आलं. घर सोडून निघता आलं, आईला समोर बसवून सांगता आलं. मास्टर क्लासनंतर तर आरियाची गुरू पालेर्मो तिला शिकवायला तयार होते. याहून मोठी संधी नाही. सेरेना तिलाही नकार देते, स्वतःची वाट शोधायला पुढे होएनला जाते.

इतके नकार आणि तेही ऐकून घेतलेले. म्हणून सेरेना जेव्हा स्टेजवर 'हो' म्हणते तेव्हा ते तिचं असतं. ब्रेक्सनकडे यातलं काय आहे? ती सेरेनाला सोडून जाईल कुठे? आणि समजा सेरेना जिंकली असती, तर राणी सेरेना झाली असती. ब्रेक्सनला कुणी मुकुट घातला नसता. निदान आमच्या घाटात लाउडस्पीकरवरून मालकाबरोबर बैलाचंही नाव पुकारतात. बक्षीस मात्र तिथेही मालकाच्या घरी जातं. चिऊच्या अकाउंटवर एका कपड्यांच्या दुकानाने दिलेले चार हजार माझ्या खात्यात आले होते. मी ते तिच्या नावाने ठेवलेत. ठेवले म्हणजे, माझ्याच खात्यात आहेत अजून.

ताईशी यावर बोललो. ती चिडली, आणि तिचं चिडणं चुकीचं नव्हतं. "मग काय, अभ्यासालाही विचारायचं का? शाळेत जायचं का विचारलं तर उद्यापासून जाणार नाही ती. मुलांना सगळं विचारून चालत नाही. आणि सुरुवात तू केलीस." याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. शाळेला आपण विचारत नाही हे खरं. पण शाळेबद्दल आपण 'तिलाच हौस आहे' असंही म्हणत नाही. शाळा आपण तिच्यावर लादतो आणि लादलीय हे मान्य करतो, चुकलं तर दोष आपला. नाचाच्या बाबतीत मात्र आम्ही लादलं आणि सही तिची घेतली. ऑडिशनला नाही म्हणाले तेव्हा अपयशही तिच्याच नावावर जमा झालं. म्हणून ती विचारत होती, मामा, तू रागावलास का.

फायनल संपली. आरियाकडे प्रकाश गेला. मला वाटलं चिऊ हिरमुसेल. ती म्हणाली, "पँचॅमला गॉगल काढायचा असेल तर?"

मी म्हटलं, त्याला आवडतो गॉगल. तो सारखा घालून असतो.

"पण काढायचा असेल तर तो कसं सांगणार? तो फक्त पँचॅमच बोलतो."

मी म्हटलं, हातानेच काढेल की.

हे तिला पटलेलं दिसलं. मग मी जरा घाईनेच म्हणालो की पुढच्या रविवारी रील करायची नसेल तर नको करायला, मी मुळीच रागावणार नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे, जिथे ताई होती. आणि म्हणाली, "तुला काय पाहिजे?"

त्या रात्री मी अकाउंट बंद केलं नाही, पासवर्ड ताईला दिला नाही, काहीच केलं नाही. फक्त रिंग लाइट माळ्यावर टाकला आणि घरात कुणाला काही बोललो नाही. पहिल्या रविवारी चिऊने विचारलं नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. ती चित्रं काढत होती, बहुतेक गॉगल घातलेले पांडा. तिसऱ्या रविवारी मी ताईकडे गेलो तेव्हा ती क्लासचा ड्रेस घालून दारातच उभी होती. "मामा," ती म्हणाली, "लाइट कुठाय?"

मी अजून तो काढलेला नाही. ती रोज फोनवर विचारते.